मी नाचत नाही, मी धरतो

देवस्थळीकाकांना नाचताना पाहिलेली माणसं हाउन्सलोत आजही शे-सव्वाशे तरी सापडतील. काकांनी स्वतः मात्र ते कधीच कबूल केलं नाही. कुणी कौतुकानं म्हणालं, "काका, तुम्ही बॅले करता म्हणे!" की ते हात झटकायचे. "छे छे. मी नाचत नाही. मी धरतो."

हा विनय नव्हता. ते खरंच तसं मानायचे. बॅलेत दोघांचा नाच असतो तेव्हा बाई चवड्यांवर उभी राहते, गिरक्या घेते, झेपावते. पुरुष तिच्या कमरेशी हात ठेवून तोल सांभाळतो, एखाद्या वेळी वर उचलतो आणि आवाज न करता खाली ठेवतो. लोक बाईकडे बघतात. "बघू देत की," काका म्हणायचे. "माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणजे काम चोख झालं."

मी नागपूरहून ऑफिसच्या कामासाठी लंडनला आले आणि हाउन्सलोत एक खोली भाड्यानं घेतली, ते दोन हजार चार साल होतं. सॉफ्टवेअर तपासायचं काम. आठवडाभर पडद्यावरच्या चुका शोधायच्या आणि शनिवारी धुणं. लहानपणी टीव्हीवर कधीतरी रशियन बॅले दाखवायचे. तो बघून मी घरच्या पलंगावरून उड्या मारल्या होत्या आणि एक दात पाडून घेतला होता. म्हणून कम्युनिटी सेंटरच्या फलकावर 'प्रौढांसाठी बॅले, शनिवारी सकाळी, अनुभवाची गरज नाही' अशी चिठ्ठी दिसली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची असूनही नाव घातलं.

वर्गात चौदा बायका आणि एक पुरुष. पुरुषाला मिशी होती, थोडं पोट होतं, अंगात निळी ट्रॅकपँट आणि पायात पांढरेशुभ्र मोजे. डाव्या मोज्याच्या अंगठ्याला व्यवस्थित रफू केलेलं. ते रफू बघूनच मला शंका आली. त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा स्टीलचा तांब्या बघितला. मग जवळ येऊन माझ्या तोंडाकडे टक लावून विचारलं, "मराठी का?"

"हो. तुम्हीपण?"

"देवस्थळी. मूळचा सांगलीचा. इथं सगळे डेव्ह म्हणतात, तू म्हणू नकोस."

सत्तरच्या दशकात ते इकडे आले आणि विमानतळावर चिकटले. मी भेटले तेव्हा ते हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर होते. बॅलेशी संबंध आला तो लेकीमुळे. केतकी पाच वर्षांची असताना काका तिला शिकवणीला घेऊन जायचे आणि तासभर भिंतीशी खुर्ची टाकून बसायचे. अशी दहा वर्षं गेली. एकदा हिलरीबाईंना, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंना, मोठ्या मुलींसाठी कुणीतरी नुसतं खांबासारखं उभं राहायला हवं होतं. खुर्चीवरचे काका उठले आणि उभे राहिले. पुढं केतकी कॉलेजला मँचेस्टरला गेली, बॅले सुटलं. काकांचं सुटलं नाही. "ती गेल्यावर शनिवारी घरी बसून करायचं काय? आणि हिलरीला खांब कुठून मिळणार?"

हिलरी सत्तरीच्या पुढची. एका खुब्याचा सांधा बदललेला, आवाज घंटेसारखा. ती काकांना मुळीच खांब समजत नव्हती. आम्हाला म्हणायची, "मुलींनो, डेव्हचे पाय सामान्य आहेत. हातही ठीकच आहेत. त्याचं लक्ष बघा. असं लक्ष मी फार थोड्या पुरुषांत पाहिलंय, आणि त्यातल्या एकाशीही माझं लग्न झालं नाही."

ते खरं होतं. काका तुमचा हात धरायचे तेव्हा खोलीत दुसरं कुणी उरायचंच नाही. आधी ते रुमालानं तळवे पुसायचे, रुमालाची चौपदरी घडी खिशात घालायचे आणि मग वर बघायचे. त्या बघण्यात आगाऊपणा नव्हता, नाटकीपणा नव्हता. डॉक्टर नाडी बघताना जसा चेहरा करतात तसा चेहरा. दुसऱ्या वर्षी हिलरीनं त्यांची जोडीदार म्हणून मला निवडलं. पहिल्यांदा त्यांनी मला उचलून खाली ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "तेवीस किलोच्या वर आहेस. एक्सेस बॅगेज पडेल."

घोटाळा तिथूनच सुरू झाला. त्या उन्हाळ्यातल्या प्रयोगासाठी हिलरीनं स्वतः रचलेला एक छोटा बॅले बसवायला घेतला. लढाईवर गेलेला शिपाई बारा वर्षांनी घरी येतो. बायको दार उघडते, आधी ओळखत नाही, मग ओळखते आणि दोघं नाचतात. सगळी मिळून चार मिनिटं. शिपाई म्हणजे देवस्थळीकाका आणि बायको मी.

"त्याच्याकडे बघ," हिलरी ओरडायची. "फरशीवर तुझा नवरा पडलेला नाही!"

मी वर बघायचे आणि मला फस्सकन हसू यायचं. आदल्याच रविवारी मी त्यांच्याकडे जेवले होते. साबुदाण्याची खिचडी वाढताना हेच गृहस्थ मला म्हणाले होते, "खा पोटभर. पोट साफ असतं ना रोज?" त्या माणसाकडे बारा वर्षांच्या विरहानं कसं बघायचं? एकदा हसले, दोनदा हसले. तिसऱ्या शनिवारी हिलरीनं संगीत बंद केलं आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

काका मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेले. "काय झालं?"

"काका, मला हसू येतं."

"कशाचं?"

"तुम्ही माझा नवरा, याचं."

त्यांनी विचार केला. "बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर मलाही आलं असतं. पण असं कर, आत काकाला आणूच नकोस. आत येतो तो वेगळा माणूस आहे. बारा वर्षं त्यानं घर पाहिलं नाही. पायाला फोड आलेत. दार कोण उघडणार हेसुद्धा त्याला माहीत नाही. तू हसलीस की त्याला वाटतं, आपलं घर चुकलं."

मग त्यांनी काउंटरवरची एक गोष्ट सांगितली. एक मोठा थोरला पंजाबी गृहस्थ बॅग हरवली म्हणून ढसाढसा रडत होता. बॅगेत काय होतं विचारलं, तर आईच्या हातच्या लोणच्याच्या आठ बरण्या. काकांच्या शेजारचा सहकारी हसला. "नुसता ओठ हलला त्याचा. पण त्या माणसानं पाहिलं आणि एकदम रडायचा थांबला. पुढं बरण्या सापडल्या, न फुटता. पण तो घ्यायला आला तेव्हा आमच्याकडे बघेना. समोरचा खरा असताना आपण खोटं असू नये गं. आणि हो, शिपायाला काका म्हणायचं नाही. मनातसुद्धा."

त्यानंतर माझं हसू पुष्कळ कमी झालं. पूर्ण गेलं ते वेगळ्याच कारणानं.

हाउन्सलोत विमानं डोक्याला लागतील इतकी खालून जातात. विमान आलं की बोलणारा वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि ते गेलं की पुढचा शब्द बोलतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. वर्गात मात्र पंचाईत व्हायची. संगीत बुडायचं आणि आम्ही चौदाजणी ठेका चुकायचो. काका कधीही चुकायचे नाहीत. मला वाटायचं, काय हा रियाज!

एका शनिवारी मला सडकून सर्दी झाली होती. झेप घ्यायच्या आधी शिंक येईल म्हणून मी श्वास रोखला, वेळेवर झेपावले, आणि काकांनी उचललंच नाही. मी त्यांच्या छातीवर आदळले. ते गोंधळून म्हणाले, "अगं, श्वास कुठं गेला तुझा?"

हा काय प्रश्न झाला? पण तो डोक्यात राहिला. मग एकेक आठवायला लागलं. पाठीमागून हाक मारली की ते वळत नाहीत. बोलताना तोंडाकडेच बघतात. बसमध्ये नेहमी माझ्या डाव्या बाजूला बसतात, म्हणजे उजवा कान माझ्याकडे येईल असे. त्या दिवशी परतताना बसच्या वरच्या मजल्यावर मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "काका, तुम्हाला संगीत ऐकू येतं का?"

त्यांनी रुमाल काढून तळवे पुसले. मग म्हणाले, "डावा कान लहानपणीच फुटला. उजवा गेली चार वर्षं मावळत चाललाय. ढोल वाजला तर कळतो. व्हायोलिन नाही."

"हिलरीला माहीत आहे?"

"नाही."

"काकूंना?"

"तिला वाटतं मी मुद्दाम करतो."

मला हसू यायला हवं होतं, पण राग आला. "अहो, तुम्ही मला डोक्यावर उचलता! आणि मला सांगितलं नाहीत?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांना असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "चुकलंच माझं. सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं. हिलरीला कळलं की ती थांबवणार, म्हणून धीर झाला नाही. शनिवार सोडला तर माझ्याकडे सगळी दुसऱ्यांची हरवलेली बोचकी आहेत गं. तू नको म्हणालीस तर मी स्वतः तिला सांगतो आणि थांबतो."

तो आठवडा मी रोज ठरवत होते आणि रोज मोडत होते. शेवटी शनिवारी अर्धा तास आधी गेले. काका एकटेच खिडक्या उघडत होते. समोर जाऊन उभी राहिले. "मग तुम्ही ठेका घेता कुठून?"

"तुझ्याकडून."

"म्हणजे?"

"झेपेच्या आधी तू श्वास घेतेस, तुझी बरगडी माझ्या हाताला लागते. वळायच्या आधी तुझे डोळे वळतात. गिरकी संपत आली की डावा खांदा किंचित खाली येतो. सगळं दिसतं. फक्त मला दुसरीकडे बघून चालत नाही."

"आणि मी हसले तर?"

"तर माझं गाणं बंद पडतं."

त्यानंतर मी कधी हसले नाही. मी अट घातली: प्रयोग झाला की त्याच दिवशी हिलरीला सांगायचं, स्वतःच्या तोंडानं. त्यांनी मान्य केलं. आणि मी दर शनिवारी नीट श्वास घ्यायला शिकले. मीच त्या माणसाचा वाद्यवृंद आहे हे एकदा कळल्यावर रविवारी साबुदाणा खाल्ला होता की वरण, हे आठवायला सवडच मिळेना.

प्रयोग जूनमध्ये, जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या यायला तयार नव्हत्या. पायाला चिकटलेल्या विजारीत नवऱ्याला लोकांसमोर बघायची त्यांची तयारी नव्हती, आणि महाराष्ट्र मंडळातल्या बायका काय म्हणतील ही धास्ती होतीच. हिलरीनं शिपायाला साधी लोकरी पँट दिली तेव्हा काकू जांभळी रेशमी साडी नेसून आल्या. शेजारी मँचेस्टरहून आलेली केतकी.

पहिलं मिनिट छान गेलं. दार उघडलं, ओळख पटली, त्यांनी हात पुढं केला, मी धरला. आणि बरोबर त्याच क्षणी सीडी अडकली. खर्र, खर्र, असा दोनदा खाकरल्यासारखा आवाज आला आणि संगीत बंद.

हॉलमध्ये कुणीतरी "ओ नो" म्हणालं. विंगेत हिलरी यंत्राची बटणं दाबत होती, ती टकटक मला ऐकू येत होती. मी थांबणार होते. प्रेक्षकांकडे बघून ओशाळं हसणार होते. पण समोर शिपाई होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं गाणं चालू होतं, कारण मी श्वास घेत होते. बारा वर्षांनी घर सापडलेल्या माणसाच्या डोळ्यांनी तो माझ्या पुढच्या श्वासाची वाट बघत होता.

मी श्वास घेतला. त्यानं मला वळवलं.

पुढची तीन मिनिटं आम्ही निःशब्द शांततेत नाचलो. फळ्यांची करकर, आमच्या पावलांचा आवाज, माझ्या झग्याची सळसळ. मध्येच वरून एक विमान गेलं आणि त्याची घरघर दूर गेली. मला प्रेक्षक दिसले नाहीत, काकूंची जांभळी साडी दिसली नाही. झेपेची वेळ आली तशी मी छाती भरून श्वास घेतला. दोन कोरडे, उबदार तळवे माझ्या बरगड्यांशी आले आणि मी वर गेले. कुठलीही घाई नाही. वरून मी त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगते, तिथं काका नव्हते. मी हळूच खाली आले आणि त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं. संपलं.

मग टाळ्या अशा आल्या की त्या काकांनाही ऐकू आल्या.

विंगेत येताच त्यांनी रुमाल काढला. "जमलं ना गं? मी हिलरीला म्हटलं होतं, शेवटी व्हायोलिन जरा मोठं ठेव. ठेवलं होतं का?"

"काका! गाणं बंद पडलं होतं!"

"कधी?"

मी विंगेतल्या कपड्यांच्या पेटीवर बसले आणि आठवडेच्या आठवडे साठलेलं सगळं हसू बाहेर आलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हिलरी धावत आली. ती हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. "डेव्ह! तू थांबला कसा नाहीस? एका शब्दानं सांग, कसा?" आणि काकांनी, दिलेला शब्द पाळून, तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं.

हिलरीचा चेहरा पडला. मग लाल झाला. दहा मिनिटं ती बोलत होती: विश्वास, जबाबदारी, हाडं, विमा. काका मान खाली घालून उभे होते. म्हणजे त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं त्यांची हनुवटी धरून वर केली आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे. शनिवारी इथे."

तेवढ्यात काकू आणि केतकी आल्या. केतकीचं नाक लाल झालं होतं. "बाबा, मला इतका रडू आली," ती म्हणाली, "तुझी डोळे एकदम खरा होता." इंग्लंडात जन्मलेल्या पोरीच्या त्या वाक्यात एकही लिंग ठिकाणावर नव्हतं, आणि कुणालाही ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

दाराशीच सगळं ऐकलेल्या काकू मात्र माझ्याकडे बोट दाखवून काकांना म्हणाल्या, "घरी मी चहा झाला म्हणून चार हाका मारते. ऐकू येत नाही. आणि हिचा श्वास तेवढा ऐकू येतो?"

"अगं, ऐकू नाही, हाताला लागतो," काका म्हणाले.

"मग उद्यापासून चहाला हात धरून उठवीन," काकू म्हणाल्या, आणि पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. मंडळातल्या दोघी बायका तिथंच उभ्या होत्या, पण काकूंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

कानाचं यंत्र आलं आणि काकांचा नाच बिघडला! पहिल्या शनिवारी ते ठेका ऐकायला लागले आणि दोनदा माझ्या पायावर पाय दिला. विमान गेलं की आमच्यासारखेच अडखळले. "काय गोंगाट आहे हा!" ते हिलरीला म्हणाले. "तुम्ही यात नाचता कसे?" शेवटी ठरलं की वर्गापुरतं यंत्र काढून डबीत ठेवायचं, आणि घरी मात्र दिवसभर लावायचं. घरचा नियम काकूंचा होता.

त्यानंतर आम्ही आणखी दोन प्रयोग केले. मग काकांचा गुडघा बोलायला लागला. एके दिवशी त्यांनी मला खाली ठेवलं, रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "बस. यापुढं तुला कुणी दुसऱ्यानं उचलायचं. मी शिकवीन त्याला." त्यात रडारड नव्हती. पुढच्याच महिन्यात त्यांनी मारेकला शोधून आणलं. मारेक पोलंडचा, प्लास्टरिंगची कामं करायचा, पस्तिशीचा, दाराएवढा उंच. शेजाऱ्याची भिंत तो गुळगुळीत करत असताना काकांनी त्याचे हात बघितले होते आणि कुंपणावरूनच विचारलं होतं. तो 'हो' का म्हणाला हे त्यालाही सांगता यायचं नाही.

पण माझं आणि मारेकचं सूत जमायच्या आतच मला एडिनबराला एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या शनिवारी मी सामान बांधण्यात अडकले आणि सेंटरवर पोचले तेव्हा वर्ग संपून गेला होता. तरी वरच्या मजल्यावरून पावलांचा आवाज येत होता. जिना चढून गेले. दाराला वर काचेची पट्टी आहे, तिच्यातून पाहिलं.

आत दोघंच होते. मारेक शिपाई झाला होता. आणि त्याची बायको, म्हणजे मी, झाले होते देवस्थळीकाका. मिशी, पोट, निळी ट्रॅकपँट, आणि डोळ्यांत बारा वर्षं. त्यांनी नसलेलं दार उघडलं आणि आधी दचकून एक पाऊल मागं घेतलं. हात छातीशी आले. मग मान जराशी कलती करून ते त्या परक्या माणसाच्या चेहऱ्यात आपला माणूस शोधायला लागले. मी ही बायको इतक्यांदा झाले, पण ती आधी घाबरेल हे मला कधी सुचलं नव्हतं.

मी निरोप घ्यायला आले होते. हात दाराच्या मुठीवर होता. आत काकांनी छाती भरून श्वास घेतला, मारेकचे पांढुरके हात त्यांच्या बरगड्यांशी गेले आणि त्यानं त्यांना उचललं. सरळ वर. साठीचे देवस्थळीकाका हात पसरून हवेत होते, खालचा माणूस त्यांच्याकडे टक लावून बघत होता आणि दोघांपैकी कुणीही हसत नव्हतं.

निरोप काय, पत्रातूनही घेता येतो. मी मूठ सोडली आणि पावलांचा आवाज होऊ न देता जिना उतरले.